शिट्टीविना गिरकी

कागल तालुक्यात नाचणाऱ्याची वाट कधीच सरळ नव्हती. कागलच्याच आनंद यादवांच्या ‘नटरंग’ कादंबरीतला गुणा हा तालमीतला गडी. तो तमाशात नाच्या म्हणून उभा राहतो आणि माणसं त्याच्यापासून लांब सरकायला लागतात. या कादंबरीवरचा सिनेमा २०१० साली आला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. पण सिनेमाला टाळ्या वाजवणं वेगळं आणि आपल्या घरातली पोर नाचणं वेगळं. नागपंचमीला मुरगूडला आजोळी आलेल्या भाचीनं जेवता जेवता सांगून टाकलं, की ती पुण्यात नोकरी सांभाळून ‘ट्रायबल स्टाइल बेली डान्स’ शिकते. मामांनी आधी पानातलं पुरणाचं दिंड संपवलं, मग पाणी प्यायले, मग विचारलं, “म्हणजे पोटाचा नाच?”

मामा शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर. गावातली अर्धी माणसं अजूनही त्यांना बघून पाठ ताठ करतात. त्यांच्या हाताखालून लेझमीच्या किती तुकड्या गेल्या, याचा हिशोब त्यांनी ठेवलेला नाही. शिट्टी मात्र अजून खुंटीला आहे. नाचाला त्यांचा विरोध नव्हता. विरोध होता तो बेशिस्तीला, आणि भाचीच्या पुढच्या वाक्यानं त्यांना नेमकं तेच दिसलं. ती म्हणाली, “मामा, आमचं आधी काही बसवलेलंच नसतं. गाणं सुरू झालं की जागेवर ठरतं.”

“जागेवर ठरतं? चार बायका एकदम नाचणार आणि काय नाचणार ते जागेवर ठरणार? मग त्याला वरात म्हण की.”

वरातीचा टोमणा भाचीला लागला. पण नावाचा वाद तिनं आधी मिटवून घेतला. बेली डान्स हे नाव त्या नाचाच्या मूळच्या लोकांनी ठेवलेलं नाही. १८९३ साली शिकागोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, त्याच्याच निमित्तानं भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले. त्या प्रदर्शनाच्या मनोरंजनाच्या भागात उत्तर आफ्रिकेतल्या आणि अरब मुलखातल्या नर्तकी आणल्या होत्या. तिकिटं खपवायला तिथल्या आयोजकांनी हे चटकदार नाव अमेरिकेत रुळवलं. मिसरमध्ये मंचावरच्या नाचाला रक्स शर्की म्हणतात.

“आणि ट्रायबल? त्यात आदिवासी कोण?”

“कुणीच नाही,” भाचीनं सरळ कबूल केलं.

हा नाच सॅन फ्रान्सिस्कोचा. जमिला सलिमपूर ही बाई तरुणपणी सर्कशीत होती. तिनं १९६८ साली कॅलिफोर्नियातल्या एका जत्रेसाठी ‘बाल अनात’ नावाचा ताफा उभा केला. त्यात नाना मुलखांचे पोशाख आणि नाना तऱ्हेचे नाच एकत्र होते. पावलांना नावं देऊन ती शिकवायची पद्धत तिचीच. तिची शिष्या माशा आर्चर आणि माशाची शिष्या कॅरोलिना नेरिचियो. कॅरोलिनानं १९८७ साली ‘फॅट चान्स बेली डान्स’ हा ताफा काढला. नाव मिस्कील आहे. ‘आमच्यापुरता खासगी नाच करून दाखवाल का’ असं विचारणाऱ्या पुरुषांना दिलेलं ते उत्तर, आपल्याकडे ‘वाट बघ’ म्हणावं तसं. मामांना हे आवडलं. बाई खमकी आहे म्हणाले.

पण खमकेपणानं त्यांचा मूळ आक्षेप सुटला नाही. भाचीनं फोनवर एक नाच लावला तेव्हा त्यांनी पोशाखावर बोट ठेवलं. चोळी राजस्थानी, आरसेकाम राजस्थानी, दागिने अफगाण-तुर्कमान वळणाचे, हातांची फिरत स्पेनच्या फ्लामेंकोची, डोक्याला मुंडासं आणि कमरेला गोंड्यांचा पट्टा. “सगळ्या गावचं पाणी एका हंड्यात,” मामा म्हणाले. “आणि वर म्हणायचं आमची जमात! राजस्थानातल्या कालबेलिया बायका हीच गिरकी पिढ्यान्‌पिढ्या घेतात. त्यांना कुणी विचारलं?”

इथं मामांचं अगदीच चुकत नव्हतं. कालबेलियांची गाणी आणि नाच २०१० साली युनेस्कोच्या यादीत गेले, त्यांच्यातल्या नर्तकी गुलाबो सपेरा यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. तोवर त्यांच्यासारख्या घागऱ्यांत परदेशात कितीतरी मंच रंगून गेले होते. भाचीनं बचाव केला तो एवढाच, की नावाची ही टोचणी तिच्या नाचातल्या बायकांनाही लागली होती. २०२० साली कॅरोलिनानं ‘अमेरिकन ट्रायबल स्टाइल’ हे नाव सोडून दिलं आणि नाचाला आपल्या ताफ्याचंच नाव ठेवलं. जगभरच्या शिक्षिकांना पाट्या बदलाव्या लागल्या. सवयीनं लोक अजून जुनंच नाव घेतात, तीही घेते.

“बरं, नाव राहू दे. मला ते जागेवर ठरायचं सांग.”

भाचीनं तोच नाच पुन्हा लावला, या वेळी सावकाश गतीनं. चौघीजणी. चौघीही समोर तोंड करून नाहीत, किंचित डावीकडे वळून उभ्या आहेत. पुढची बाई डाव्या टोकाला, बाकीच्या तिच्या मागं तिरक्या. तिची उजवी बाजू मागच्यांनाही दिसते आणि लोकांनाही, म्हणून या नाचातली बहुतेक पावलं उजव्या अंगानं सुरू होतात. बोटांत टाळांसारख्या छोट्या पितळी चकत्या, अंगठ्यात एक आणि मधल्या बोटात एक, दोन्ही हातांत. उजवा-डावा-उजवा अशी त्यांची घोड्याच्या टापांसारखी चाल अखंड चालू. “आता तिच्या डाव्या हाताकडं बघा,” भाची म्हणाली. सातवी मात्रा संपताना पुढच्या बाईचा तळवा खांद्याच्या वर गेला, हनुवटी जराशी फिरली. आठवीला मागच्या तिघींचे हात वर होते. पुढच्या एकला चौघी एकदम फिरल्या.

मामांनी फोन हातात घेऊन तेवढाच तुकडा पुन्हा बघितला. पीटीच्या मास्तराच्या डोळ्याला असला धागा सापडला की तो सुटत नाही.

“म्हणजे हुकूम आहे. तोंडी नाही, हाताचा आहे.”

“हुकूम नाही, खूण आहे.”

“आमच्यात त्याला इशारतीचा हुकूम म्हणतात. आधी इशारत, मग अंमल. ‘एक साथ’ म्हणून थांबायचं, मग ‘आगे बढ’. शिट्टीचंही तेच. पहिली शिट्टी सावध करायला, दुसरी करायला. तुमच्या बाईनं शिट्टीच्या जागी तळवा ठेवला, एवढंच.”

भाचीला ‘एवढंच’ मान्य नव्हतं. लेझमीत पुढचा हुकूम कुठला, हे मास्तरला आधीच माहीत असतं. चार आवाज झाले की आठ आवाज, मग पवित्रा, मग बैठक; क्रम ठरलेला, शिट्टी फक्त कधी ते सांगते. तिच्या नाचात पावलं सगळ्यांची पाठ, पण क्रम कुणालाच माहीत नाही, पुढचीलासुद्धा. ती गाणं ऐकत ठरवते. शिवाय पुढची बदलते. ती हळूच मागं सरते आणि दुसरी पुढं येते. नाहीतर चौघी आत तोंड करून फेर धरतात आणि फेर उलगडताना जी पुढं निघते, तिच्या मागं बाकीच्या. मास्तर मैदानाच्या कडेला उभा नसतो, तो नाचणाऱ्यांतच असतो आणि दर दोन मिनिटांनी वेगळा असतो.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या ताफ्याला ही रीत सुचली ती गरजेपोटी. जागा कधी जत्रेची, कधी हॉटेलाची, कधी हातभर. आज सहाजणी आल्या, उद्या तिघीच. बसवलेला नाच अशा वेळी मोडतो. पाठ असलेली पावलं आणि ठरलेल्या खुणा असल्या की दोघी असोत वा सहा, फरक पडत नाही. पुण्यातली मुलगी ब्राझीलच्या मुलीबरोबर, भाषा न कळता, पहिल्याच भेटीत एक गाणं नाचू शकते.

“आदमापूरला बाळूमामांच्या देवळाकडं कधी गजा बघितलास?” मामांनी मधेच विचारलं. आदमापूर मुरगूडपासून हाकेच्या अंतरावर. धनगरांचा ढोल तिथं काही नवा नाही. “मधे ढोल-कैताळ, भोवती गडी. पायघोळ झगा, फेटा, हातात रंगीत रुमाल. ढोलाचा ठेका बदलला की पाऊल बदलतं. तिथं कोण तळवा दाखवतंय? कान उघडे ठेवायचे. तुझ्या बायकांना १९८७ साली सुचलं ते आमच्या धनगराला त्याच्या आज्यानं शिकवलंय.”

“मग तुम्ही पोरांना शाळेत गजा का नाही शिकवलात? लेझीमच का?”

मामा गप्प बसले. मग म्हणाले की २६ जानेवारीला शेकडो पोरं एका मैदानावर उभी करायची, तर प्रत्येकाचा कान तयार व्हायची वाट बघता येत नाही. ते खरंच आहे. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनाला सांगली जिल्ह्यातले लेझीमपटू उतरले, तेव्हा कुणाच्या मनात आलं म्हणून पाऊल बदललं असतं तर मैदानाची जत्रा झाली असती. लेझीम मुळात तालमीतली. जोर-बैठकांच्या, धनुष्य ताणायच्या सरावाच्या कुळातली, आणि तालमीत वस्तादाचा शब्द शेवटचा.

वाद इथवर आला तेव्हा भाची अंगणात उतरली. बोलण्यापेक्षा दाखवणं बरं, म्हणून तिनं गिरकी घेतली. एक बरी आली, दुसरी तिरकी झाली, तिसरीला ती तुळशीकट्ट्याच्या बाजूला भरकटली. मामा हसले नाहीत. त्यांनी पायाकडं बघितलं. “पावलं अंगाखाली ठेव. तू पाय लांब टाकतेस, म्हणून अंग पायाच्या मागं धावतं. आणि खांदा आधी फेकू नको.” हेच तिला पुण्याच्या बाईंनीही सांगितलं होतं. पोटाचे स्नायू आत धरायचे, कणा उभा, कमरेची पातळी हलू द्यायची नाही, पावलं छोटी, आणि हात वर नेताना खांदे कानाला लावायचे नाहीत. पंचवीस वारी घागरा म्हणजे जवळजवळ तेवीस मीटर कापड. तो एकदा फुलला की थांबल्यावरही क्षणभर आपल्या वेगानं फिरत राहतो आणि नाचणारीला आपल्याबरोबर ओढतो. नऊवारीची सवय इथं कामाला येत नाही.

भोवळ हा दुसरा प्रश्न. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, त्यांत द्रव असतो. माणूस फिरायला लागला की द्रव मागं राहतो, मग वेग पकडतो. माणूस थांबला की द्रव फिरतच राहतो. मेंदूला वाटतं अजून फिरतोय, डोळे सरकत राहतात आणि अंगण गरगरतं. कथकमध्ये आणि बॅलेमध्ये यावर उपाय म्हणजे नजर. एक खूण धरायची, अंग फिरत असताना नजर शक्य तितकी तिथंच ठेवायची, मग मान झटकन फिरवून पुन्हा तीच खूण पकडायची. “मग कथकच शिकायचं होतंस,” मामांनी टाकलंच. “रोहिणी भाटेंची नृत्यभारती पुण्यात १९४७ पासून आहे. चक्कर घ्यायला सॅन फ्रान्सिस्को कशाला?” भोवळीवर नजरेखेरीज सरावाचाही उपाय आहे. सरावानं मेंदूही बदलतो, हे लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या २०१३ च्या अभ्यासात दिसलं. बॅलेच्या २९ नर्तकींना आणि तितक्याच वयाच्या, तितक्याच तंदुरुस्त अशा २० वल्हेकरी स्त्रियांना अंधाऱ्या खोलीत खुर्चीत बसवून फिरवलं. खुर्ची थांबल्यावर फिरल्याचा भास नर्तकींना कमी वेळ राहिला. लहान मेंदूच्या ज्या भागात कानाकडून येणारी ही खबर पोचते, तो भागही त्यांच्यात वेगळा आढळला.

भाचीची अडचण कथकवाल्यांपेक्षा वेगळी होती आणि सगळ्या बोलण्यातली मोलाची गोष्ट तीच होती. कथकची नर्तकी एकटी फिरते. खूण म्हणून समोरचा खांब धरला तरी चालतं. हिच्या नाचात नजरेला एकच काम, पुढच्या बाईवर असणं. नेमक्या गिरकीतच ती नजर तुटते. अर्ध्या मात्रेपुरती का होईना, चौघींपैकी कुणालाच कुणी दिसत नाही. म्हणून गिरकीची खूण आधी येते, गिरकीत कधीच नाही. आणि आत गेल्यावर बाहेर कधी यायचं, हे डोळा सांगत नाही, मोजणी सांगते. बॅरल टर्न, प्रॉपेलर टर्न अशी या गिरक्यांची नावं आहेत. प्रत्येकीचं मात्रांचं माप ठरलेलं आणि ते माप अंगात मुरलेलं हवं. सरावात भाचीची गिरकी पडत नव्हती. ती गिरकीतून वेळेवर निघायची, पण तोंड भलतीकडं असायचं आणि पुढची बाई शोधण्यात दोन मात्रा जायच्या.

हे ऐकून मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. पंचमी होती, संध्याकाळी गल्लीत झिम्मा-फुगडी होणारच होती. त्यांनी पदर खोचला, भाचीचे हात फुलीत धरले, पायाला पाय लावले आणि म्हणाल्या, “माझ्या तोंडाकडं बघ. खाली बघू नको, घराकडं बघू नको.” दोघी मागं रेलल्या आणि फिरायला लागल्या. मामी वजनानं भारी, म्हणून फेराचा आस त्यांच्याकडं सरकलेला. भाची मोठा गोल काढत होती, मामी छोटा. वेग चढला तरी भाची भरकटली नाही. सगळं जग फिरत असताना मामींचा चेहरा तेवढा जागच्या जागी होता, कारण तोही तिच्याबरोबरच फिरत होता. नजर त्याच्यावर खिळली की डोळ्यांचं सरकणं दबतं. हात सोडले तेव्हा मात्र दोघी पायरीवर बसल्या.

भाचीला यात आपल्या बाजूचा पुरावा दिसला. फुगडीत शिट्टी कुठं आहे? वेग कोण ठरवतं? दंड फुगडीतून बस फुगडीत कधी उतरायचं, हे दोघी हाताच्या ओढीनंच एकमेकींना सांगतात. वारीत साठीच्या वारकऱ्यांची फुगडी लागते, ती कुणी बसवलेली असते? मामांचं म्हणणं, ते दोघांचं आहे. दोघांत हुकूम लागत नाहीच, हाताला हात आहे. चौघी झाल्या, हात सुटले, की कुणीतरी धनी लागतो. फेराच्या गाण्यालाही जिला गाणी पाठ तीच पुढं असते आणि वर्षानुवर्षं तीच असते. “तुमच्यात कच्चीलाही पुढं करता, हे मला पटत नाही. बिघडत नाही?”

“बिघडतं,” भाची म्हणाली. “पुढचीनं चूक केली तर आम्ही तीच चूक करतो.”

मामांना हे ऐकू आलं नाही, असं क्षणभर वाटलं.

“म्हणजे?”

“पुढचीनं उजव्याऐवजी डावं पाऊल टाकलं तर तिघींनीही डावं टाकायचं. बरोबर कोण आहे, हे बघायचं नाही. पुढची जे करते ते पाऊल. लोकांना चूक दिसतच नाही, चौघी सारख्याच असतात.”

आयुष्यभर रांगेतला एक चुकार हात शंभर हातांतून हुडकून काढलेल्या माणसाला हे पचणं कठीण होतं. लेझमीत चुकलेला पोरगा एकटा पडतो, म्हणून सुधारतो. इथं चूक सगळ्यांत वाटून टाकायची! मामांना हा ढोंगीपणा वाटला. भाचीचं म्हणणं, ढोंग नव्हे, कामाची वाटणी. मागचीनं विचार करायचाच नाही, बघायचं. पुढचीनं मागं वळून बघायचंच नाही, ठरवायचं. मागची दुरुस्ती करायला लागली की दोघी पुढच्या होतात आणि मग वरात सुरू होते.

‘वरात’ हा त्यांचाच शब्द परत आलेला बघून मामा जरा नरमले, पण हटले नाहीत. ४०० पोरांत हे चालणार नाही, म्हणाले. भाचीनं ते मान्य केलं. त्यांच्यातही एका वेळी पुढं दोघी, तिघी, फार तर चौघी. बाकीच्या मागं अर्धगोलात उभ्या राहून ठेका धरतात आणि आळीपाळीनं पुढं येतात.

“तू पुढं कधी येतेस?”

संथ गाण्याला येते. संथ चालीत गिरकी सावकाश, हात सावकाश, खूण द्यायला आठ मात्रा मोकळ्या. वेगाच्या गाण्याला तिनं अजून पुढची जागा घेतलेली नाही, कारण तेच, गिरकीतून निघताना तोंड कुठं होईल याचा भरवसा नाही. यावर मामांचा उपाय तयार होता. डोळ्यानं थांबू नको, पायानं थांब. पोरांना ते सांगत, झेंड्याच्या काठीकडं उजव्या पायाचा अंगठा करून थांबायचं, मग अंग आपोआप तिकडं होतं. भाचीनं करून बघितलं. अंगठा तुळशीकट्ट्याकडं लावून ती एका फेरीत बरोबर थांबली, दोन फेऱ्यांतही थांबली.

“बघ. आता दोनच घ्यायच्या असं ठरवून टाका. दोन म्हणजे दोन, चौघींनीही.”

“ते ठरवता येत नाही मामा. किती घ्यायच्या ते पुढची ठरवते. एक झाली की दुसरीची खूण वेगळी येते.”

“गिरकीच्या मधे?”

“दोन गिरक्यांच्या मधे. अर्धी मात्रा असते.”

“अर्ध्या मात्रेत बघायचं, ओळखायचं आणि फिरायचं?”

“हो.”

“मग पुढचीला सांग, दुसरीचा विचार असेल तर हात खालीच आणू नको. हात वर राहिला की पुन्हा फिरायचं, खाली आला की थांबायचं. एवढी तरी शिस्त ठेवा.”

भाचीनं फोन उघडून तोच तुकडा पुन्हा लावला. पुढच्या बाईचा हात पहिल्या गिरकीनंतर खाली येतो की वरच राहतो, हे दोघंही पडद्यावर वाकून बघायला लागले आणि मामींनी तिसऱ्यांदा हाक मारली, की गल्लीत बायका जमल्या आहेत.